पात्राचं नाव मधोमध

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि काल मी तुमचं नाव पानाच्या मधोमध टाइप केलं. नाव म्हणजे नुसतं ‘बाबा’. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा पहिला भाग लिहिलाय मी. मुंबईच्या एका संस्थेने नव्या लेखकांकडून असे भाग मागवले होते, आजची मुदत होती. या वयात लेखक म्हणवून घ्यायची ही बहुधा शेवटचीच संधी.

नियम त्यांनी नीट दिलेत. प्रत्येक दृश्य नव्या पानावर. बोलणाऱ्याचं नाव मधोमध, त्याखाली त्याचा संवाद, दोन्ही बाजूंनी आत घेतलेला, ओळींत दुप्पट अंतर. नावं कॅपिटल अक्षरांत हवीत म्हणे. देवनागरीत कॅपिटल कुठून आणायची? मी ती ठळक केली. हिंगण्याच्या कंपनीत दिवसभर मापं तपासणारा माणूस मी, समासात सुताएवढाही फरक सोडला नाही. सगळं फोनवर वाचून, शब्दकोश जवळ घेऊन शिकलो. मला कोणी शिकवलं नाही, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

वहीत गोष्ट सलग लिहिली होती, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. नावं वेगळी काढली आणि दिसलं. पान उलटावं तर बाबा, बाबा, बाबा. तुम्ही हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणत बसला आहात. मला बघायला आलेले सोयरे विचारतात, “पोरगा काय करते?” तुम्ही माग थांबवता. माग थांबला की घरात सगळ्यांना कळायचं, आता काहीतरी येणार. “बसते. पन टायमावर बसते.” उमरेडचा मामा तब्येत विचारतो. पुन्हा माग थांबतो. “पाय त तीस वर्षांपासून खड्ड्यातच हायेत गा. यमाले अर्धंच काम उरलं.” आणि ‘मुलगा’ या नावाखाली काय, तर ‘हो’, ‘नाही’, ‘येतो’. हसू येईल असं एकही वाक्य माझं नाही.

आज अर्ज भरायला घेतला. त्यात एक रकाना, सहलेखक असल्यास त्याचं नाव. त्याखाली चौकट: हे लेखन संपूर्णपणे माझे स्वतःचे आहे. तिथे माझा हात थांबला आणि ती जुनी रात्र आठवली.

मी वीस वर्षांचा आहे. मोहल्ल्याच्या गणपतीत माझं पहिलं नाटुकलं चाललंय, लोक पोट धरून हसताहेत, तुम्ही मागे सतरंजीवर. संपल्यावर मला वर बोलावून विचारतात, कोणाकडून शिकलास? मी माईकवर सांगतो, कोणाकडूनच नाही. खाली उतरतो तर शेजारचे काका तुम्हाला डिवचताहेत, “काहून गा, हे त सारं तुहंच बोलनं हाये!” आणि तुम्ही म्हणता, “मी कायले बोलतो? मले सुचते का असं? पोराच्या डोक्यातलं हाये ते.”

 रागावला असतात तर बरं झालं असतं. पण त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही मोजकंच बोलायला लागलात. तुमची आईशी थट्टा चाललेली असायची, मी आत आलो की थांबायची. माग मात्र चालूच. वय झालं, असं मी धरून चाललो. आता वाटतं, जे मी माझं म्हणून सांगितलं ते पुन्हा तुमच्या तोंडून ऐकून मी ओशाळू नये, म्हणून मला जपत होतात.

दुपारी सहलेखकाचा रकाना तसाच ठेवला, चौकटीत खूण केली आणि फाइल पाठवून दिली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तेवढं खरं लिहितो. त्या सगळ्या पानांत माझ्या पदरचं एकच आहे. तुमच्या प्रत्येक बोलण्यानंतर मी लिहिलंय, ‘मुलगा हसतो.’ तसा मी कधी हसलो नव्हतो, बाबा.