शोकेसमधली फिरती बाहुली

मंगळवार संध्याकाळ, १९९४. बरकतपुरा.

दिलसुखनगरच्या साडीवाल्याने शोकेसमध्ये साडी नेसवून ठेवायला शेवटी विनयची फिरती बाहुली घेतली. माझ्या धाकट्या भावाची. सेठनी आम्हा दोघांकडून नमुने मागवले होते. माझ्या बाहुलीत तिला फिरवणारा वर्म गिअर स्टीलचा, जन्मभर टिकावा असा. विनयने परदेशी प्लास्टिकचा बसवला. आता असलं सगळं बाजारात मिळतं म्हणे.

दुकानात चालवून दाखवताना माझी बाहुली घरघरली, साडीच्या पदरावर तेलाचा थेंब पडला. त्याची आवाज न करता फिरत राहिली. "कमाल है मियाँ!" सेठ त्याला म्हणाले. सोबत आलेली शैलाही किती कौतुकाने हसली. बायको माझी ना? माझ्या कुठल्या यंत्राकडे बघून अशी हसली होती?

बाहेर आल्यावर विनय म्हणाला, "दादा, मिठाईवाल्याला खवा ढवळायचं यंत्र हवंय. त्या ओझ्याला प्लास्टिक टिकणार नाही. तुझा स्टीलचा गिअर देतोस?"

"नक्को. वेळ नाही."

वेळच वेळ आहे. तो हिरमुसला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? पण लगेच शैलाकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी सांगा." आणि ती पुन्हा तशीच हसली.

आता जेवताना ती विषय काढेल. मी गिअर करून देईन. लोक यंत्र मात्र विनयचंच म्हणतील.