आत्याबाई, मी गोरिला बघायला निघाले

प्रिय आत्याबाई,

साष्टांग नमस्कार. 'प्रिय' वाचून हसू नका. जिवंतपणी सासूला कोण प्रिय म्हणतंय? आता म्हणते, कारण आता तुम्ही "लई लाडात येऊ नगंस" म्हणून हाणून पाडू शकत नाही!

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. आज लिहायला बसले, कारण उद्या सकाळी माझ्या भावाला, सुहासला, केनियाला पत्र टाकायचंय. आफ्रिकेला येते की नाही, एवढंच त्याला कळवायचंय. 'येत नाही' असं लिहून पाकीट चिकटवून ठेवलं होतं. आज संध्याकाळी चहाच्या वेळी तुमच्या लेकानं तोंड उघडलं आणि सगळंच फिरलं. हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण?

तुम्हाला वाचता येत नव्हतं. सुहासची पत्रं मीच वाचून दाखवायचे. म्हणून हेही मोठ्यानं म्हणत म्हणत लिहितेय. नेसरीहून सुट्टीला आलेल्या वन्सं आतून विचारतायत, "कुणासंगं बोलतीस गं?" म्हटलं, "तुमच्या आईसंगं."

ते पहिलं पत्र आठवतं ना? सुहास तिकडं साखर कारखान्यात केमिस्ट. त्यानं लिहिलं, 'ताई, इथून विमानानं रवांडाला जाता येतं. तिथल्या डोंगरातल्या जंगलात मोकळे गोरिला आहेत. वाटाड्याबरोबर चिखलातून, खाजकुयरीसारख्या झाडांतून तीन-चार तास चढायचं. एका वेळी चारसहाच माणसं नेतात. तुझं नाव घालू का?' एकदा वाचून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आत्याबाई. वीस वर्षं मी वर्गात तक्त्यावर छडी ठेवून "हा गोरिला" म्हणत आले. आमच्या शाळेच्या तक्त्यातला गोरिला तर उंदरांनी पायाकडून कुरतडलेला!

जेवताना भीत भीत विषय काढला. हे हसले. म्हणाले, "आफ्रिकेला? आधी पन्हाळा चढून दाखव." तुम्ही भाकरी ताटात ठेवलीत. "का रं? तू गेलतास न्हवं दिल्लीला कुस्त्या बघायला? तवा हिला इच्चारलंतास?"

मग माझ्याकडं वळून तुमचा एकच प्रश्न. "त्यो खातो काय?"

"पाला, कोंब, बांबू."

"मटण न्हाई?"

"नाही."

"मग माळकरीच हाय की! जा खुशाल."

एवढ्यावर आमच्या घरात आफ्रिकेचा निर्णय झाला. माझ्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना खोटं वाटलं. कुणाच्या सासवा माहेरी पाठवताना चार दिवस तोंड फुगवतात, आणि माझी सासू मला गोरिलाकडं पाठवत होती.

आणि तयारी तरी कसली करून घेतलीत! "साडी नेसून डोंगर चढशील? पदर धरशील का झाड धरशील?" म्हणून ह्यांची जुनी पँट ट्रंकेतून काढलीत आणि कमरेला नाडी ओवून दिलीत. दर रविवारी पहाटे जोतिबाच्या डोंगरावर आपण दोघी. मी पँटीत, तुम्ही नऊवारीत, अनवाणी. मी धापा टाकत मागं आणि तुम्ही सत्तरीच्या असून पुढं! वाटेत एकानं विचारलं, "मावशी, ही बाई प्यांट घालून कुठं निघाली?" तुम्ही न थांबता म्हणालात, "पावणं, तुमची न्हाई न्हवं घातली?"

मला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं तेव्हा. आज आठवलं की अंगात बळ येतं.

पण खरी परीक्षा म्हशीची. सुहासनं नियम कळवले होते. गोरिला अंगावर आला तर पळायचं नाही. खाली बसायचं, मान खाली घालायची, पाला खाल्ल्यासारखं करायचं. तुम्ही ऐकून म्हणालात, "हे तर मारक्या म्हशीचंच की! त्येला आफ्रिका कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी घरामागच्या परड्यात मला बसवून चंद्राला सोडलंत. ती चंद्रा! जिनं दोन गवळी पळवून लावले होते!

"बस खाली! तिच्याकडं बघू नगंस! खा गवत, खा!"

मी बीएस्सी बीएड झालेली बाई, परड्यात बसून हिरवं गवत चावतेय, आणि शेजारच्या बायका भिंतीवरून बघतायत. तीनदा पळाले. तिन्ही वेळा तुम्ही शिव्या घातल्यात. चौथ्यांदा बसून राहिले. चंद्रा आली, माझे केस हुंगले, फुस्स केलं आणि निघून गेली. मला रडूच फुटलं. तुम्ही म्हणालात, "झालीस पास. आता ऊठ, चा टाक."

आत्याबाई, मला आयुष्यात पुष्कळांनी शिकवलं. पण भीती वाटत असताना जागेवर बसून राहायला तुम्हीच शिकवलंत. तुमचे उपकार कसे फेडू?

आणि मी काय केलं?

पौषात तुम्ही दवाखान्यात होता. बोलायला त्रास व्हायचा. तरी मला जवळ बोलावून विचारलंत, "सुईचं काय झालं?" पिवळ्या तापाची सुई टोचून घ्यायला मुंबईला जायचं होतं, ती. मी दोन रात्रींची जागी, डॉक्टरांनी मान हलवलेली. मी खेकसले, "आत्याबाई, आता कसली आफ्रिका? गप पडा की!"

तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. तिसऱ्या दिवशी गेलात.

त्यानंतर घरात तुमच्या दुखवट्याचं वर्ष सुरू झालं. सण नाही, गोडधोड नाही, यात्रा नाही. वन्सं म्हणाल्या, "आईचं वरीस सरंना, आन् ही माकडं बघाया चालली! लोक त्वांडात शेण घालतील." मी भांडले नाही. मला लोकांची भीती नव्हती हो, पण तुम्हाला तसं बोलून मी मजा करायला कुठल्या तोंडानं जाऊ? ह्यांच्याकडं बघितलं, तर ह्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. पुढच्या वर्षी जावं म्हटलं तर सुहासची नोकरी यंदाच संपतेय. तो परत आला की कोण मला तिथं नेतंय? म्हणजे हे गेलं ते कायमचंच. म्हणून ते 'येत नाही'चं पाकीट.

आज चहा देताना ह्यांना ते दिसलं. आत काय लिहिलंय ते मी सांगितलं. "थांब जरा," म्हणाले आणि कप खाली ठेवला. मग सांगितलं. दवाखान्यातून मी डबा आणायला घरी गेले होते, तेव्हा तुम्ही ह्यांना म्हणाला होता, "मी आता ऱ्हात न्हाई. वरीस-बिरीस धरून तिला अडवायचं न्हाई. मला उभ्या जल्मात कुणी इच्चारलं न्हाई, तुला काय बघायचंय म्हणून. हिलाबी कुणी इच्चारलं न्हाई, तरी हिनं आपल्या तोंडानं सांगितलं. जाऊ द्यायची."

"मग चार महिने गप्प का बसलात?"

म्हणाले, "आई गेली. तूबी तिकडं जंगलात गेलीस आणि काय झालं, तर मी काय करू? भ्यालो."

आत्याबाई, मी तुमच्या लेकाला जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही! तुम्ही असता तर आणखी दोन शब्द पुरवले असते. पण ते भ्याले, हे खरंच होतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग आपणहून म्हणाले, "सुईला मुंबईला मी येतो संगं."

पण एक विचारू? त्यांना का सांगितलंत? मला सांगायला काय झालं होतं? ...जाऊ दे. मीच बोलू दिलं नाही, दुसरं काय!

त्यांचं ऐकल्यापासून तुमचं एकच वाक्य डोक्यात फिरतंय, 'मला कुणी इच्चारलं न्हाई.' बावीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आपण. तुम्हाला आमटीत चिंच किती लागते, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं मला ठाऊक. तुम्ही माझ्या गोरिलाच्या मागं एवढ्या लागलात, आणि तुम्हाला काय बघायचं होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. आता कुणाला विचारू?

उठले आणि आत गेले. वन्सं तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "वन्सं, तुम्हाला काय बघायचंय?"

"मला? माझं काय बघायचं ऱ्हायलंय?" जोरात बोलल्या. मग हात थांबला त्यांचा.

"समुद्र," म्हणाल्या. "नेसरीस्नं काय लांब हाय गं? आमचं हे दर साली गोव्याला जात्यात. मला म्हणत्यात, तुझं तिथं काय काम?"

पन्नाशी उलटलीय तुमच्या लेकीची, आत्याबाई. मग पदरानं नाक पुसून मलाच म्हणाल्या, "जा तू. येती म्हणून कळीव भावाला."

पाकीट फाडलंय. नवं पत्र लिहून झालंय, त्यात एकच ओळ आहे, 'येतेय.'

आणि तुम्हाला शब्द देते. आफ्रिकेहून आले की तुमच्या लेकीला समुद्रावर नेणार, तिच्या नवऱ्याला न विचारता. गुडघाभर पाण्यात तिच्याशेजारी उभी राहणार, आणि तिला विचारणार, "वन्सं, आत्याबाईंना काय बघायचं होतं, तुम्हाला तरी कधी बोलल्या होत्या का?"

तुमची सून,
सुमन