आकृती सोडून

३ नोव्हेंबर
उत्कर्षा काहीतरी लपवते आहे.

मी सगळे नीट लिहून काढते. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मुलगी, दहावीत. अजिबात दिसत नाही असा दाखला. ऑगस्टपासून मी तिची विज्ञानाची पुस्तके मोबाइलवर वाचून पाठवते. आकृत्या सोडते — आवाजात चित्र कसे देणार? आज फोनवर म्हणाली, "मॅडम, भिंगाचा खालचा किरण पार पानाच्या कडेला जातो. वरचा मधीच थांबतो."

पुस्तक उघडले. खरे आहे. पण हे मी वाचलेलेच नाही!

५ नोव्हेंबर
वर्गातल्या कोणी सांगितले का, सरळ विचारले. "कोण सांगेल मॅडम? बाजूला किंजल बसते. तिला आकृती म्हटला की झोप येते." हसली. मला ते हसणे आवडले नाही.

८ नोव्हेंबर
फोनवर परीक्षा घेतली. मेंदूच्या आकृतीत नावांच्या रेघा किती?
"नऊ. एक जरा वाकडी हाय."
मोजल्या. नऊ. एक वाकडी.

९ नोव्हेंबर
दिसते तिला. थोडे तरी.

१३ नोव्हेंबर
मुख्याध्यापकांचा फोन. तिच्यासाठी बोर्डाकडे लेखनिक आणि जादा वेळ मागायचा आहे. सोबत वाचून देणाऱ्याचे पत्र हवे. "दोन ओळी द्या मॅडम, सगळेच देतात." लेखनिक नाही तर तिची दहावी नाही. ठाऊक आहे मला. म्हणून न पटलेले लिहून देऊ?

१५ नोव्हेंबर
पत्र दिले. 'विद्यार्थिनीस काही प्रमाणात दिसत असावे, अशी शंका येते.' हे वाक्य तीनदा खोडले, तीनदा तेच लिहिले.

२२ नोव्हेंबर
न कळवता मुरब्याला गेले. पकडायलाच — इथे तरी खरे लिहावे.

दारात तिची आई, सोजराबाई, बोंबील निवडत होती. "या बाय! वाचणाऱ्या तुमीच ना? दिवसभर घरात तुमचाच आवाज. माझा कोण ऐकत नाय!"

उत्कर्षा आत जमिनीवर. मांडीवर खोक्याचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर बोटे. बोटांखाली भिंग. जाळ्याचा दोरा गोंदाने चिकटवलेला, तीन किरण, एक पार कडेपर्यंत. भिंतीशी अशा पुठ्ठ्यांची चळत. सगळे धडे.

"तुमी आकृती सोडता ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती.

सोजराबाईला अक्षरओळख नाही. "रेघ ती रेघ. जाळा विणते मी, येवढा नाय जमणार?" पानावरचे काय कामाचे ते तिला कळत नाही, म्हणून सगळेच उतरवते. छपाईतला डागसुद्धा. धड्याच्या सुरुवातीचा, मोबाइलने स्कॅन करायचा, काळ्या ठिपक्यांचा चौकोनसुद्धा — गाठी मारून! "हाच भारी कठीण. दोन दिवस खातो."

"हा काय हाय मॅडम?" उत्कर्षाने चौकोनावर बोट ठेवले. "दर धड्याला वेगळा. पाच पाठ केलेत. परीक्षेत येतो का?"

आईसमोर मला सांगवेना.

पुठ्ठ्यांचे आधी का बोलली नाहीस, विचारले. "तुमाला वाटला असता, तुमचा वाचलेला कमी पडतो."

२४ नोव्हेंबर
शाळेत गेले. पत्र परत मागितले. "ते वर गेलं मॅडम. आता डोळ्यांची फेरतपासणी लावतील, तोवर अर्ज थांबला." दुसरे पत्र तिथेच बाकावर बसून लिहिले. "जोडतो," म्हणाले. "पण पहिलं आधी वाचतील."

२५ नोव्हेंबर
भिंगाची आकृती आवाजात भरायला बसले. एक तास. तीन किरण. जमले नाही.

२८ नोव्हेंबर
उत्कर्षाचा फोन. "सरांनी तुमचा पत्र वाचून दाखवला मला."

मी दुसऱ्या पत्राचे सांगू लागले, तिने मधेच थांबवले.

"तपासणीला जाईन मी. पण आयला नका सांगू, मॅडम. तिला वाटेल, तिच्या आकृत्यांनीच झाला सगळा. मग ती करायची बंद करेल."