ढवळलेली पेज आणि समजूतदार व्याही

तासिकमालाया, मंगळवार

तीर्थरूप कांग कार्ना यांस,

धाकट्या भावाचा सलाम. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि तुमचं ते भांडखोर बदक यांची खुशाली कळवावी. आम्ही बरे आहोत, पण आमच्या पोरीचं, नेन्देनचं लग्न अडलंय. का, ते दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

मुलाचे वडील पाक वारसिता बोलणी करायला आले. सकाळची वेळ, म्हणून कोंबडीची पेज केली होती (वर तळलेला कांदा, शेंगदाणे, सगळं साग्रसंगीत). हा गृहस्थ पेज ढवळीच ना. कडेकडेनं, चोरासारखा खात होता. मला राहवलं नाही. मी प्रेमानं माझा चमचा त्यांच्या वाडग्यात घातला आणि ढवळून दिलं. ते उठले, चप्पल घातली आणि गेले. नेन्देननं माझ्याशी बोलणं टाकलं.

गावभर ढवळणारे आणि न ढवळणारे असे दोन तट पडले, तेव्हा आपल्या रेडिओवर मुलाखती घेणाऱ्या बू इमास बाईंनी आम्हा दोघांच्या मुलाखती ठरवल्या. आधी वारसितांची. मी चुका काढायच्या म्हणून कान टवकारून बसलो. पण बाई वाद घालीनात. त्यांनी एवढंच विचारलं, लहानपणी पेज कोण वाढायचं? वारसिता म्हणाले, आई. घरात पोरं पुष्कळ, कोंबडी थोडी. प्रत्येकाला आपला तुकडा दिसावा म्हणून ती तो अगदी वर ठेवायची. ढवळला की तुकडा दिसेनासा व्हायचा आणि भांडण लागायचं. (दादा, मी रेडिओसमोर बसून चक्क रडलो. बायकोला सांगितलं, कांद्यानं. कांदा घरात नव्हता.)

मग माझी पाळी. मी मुद्दे घोकून गेलो होतो. बाईंनी विचारलं, कोणी ढवळलं नाही तर तुम्हाला भीती कसली वाटते? मी घोकलेले मुद्दे इतका वेळ आठवत बसलो की त्यांनी मध्ये साबणाची जाहिरात लावली. शेवटी म्हणालो, शेवटचा घास फिका राहील याची. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. एवढ्या आदरानं माझं म्हणणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, घरात तर नाहीच.

संध्याकाळी वारसिता दारात हजर. मला वाटलं, मिटलं. पण त्यांनाही बाईंची सवय लागली होती. मी म्हटलं, लग्न गुरुवारी ठेवू. ते म्हणाले, गुरुवार म्हटलं की तुमच्या मनात काय येतं? मी सांगितलं. मग मी विचारलं, शनिवारबद्दल तुमचं काय? त्यांनी आजोबांपासून सुरुवात केली. आम्ही रोज भेटतो, एकमेकांना पूर्ण समजून घेतो आणि तारीख न ठरवताच उठतो. काल नेन्देन अखेर माझ्याशी बोलली. म्हणाली, "अब्बा, तुम्ही भांडत होता तेच बरं होतं."

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
ओदांग

ता. क. पत्राचं खरं कारण असं की तुम्ही तातडीनं निघून या. जन्मात कोणाचं म्हणणं ऐकून न घेतलेला माणूस आपल्या कुळात एकच आहे. टेबलावर हात आपटा, तारीख सांगा आणि जेवायला बसा.

ता. क. दुसरा. काल मी गुपचूप पेज न ढवळता खाऊन पाहिली. भिकार लागते. हे वारसितांना सांगू नका. ते शांतपणे "का?" विचारतील आणि पोरगी बिनलग्नाची राहील.