तिसरं गाणं

६ ऑक्टोबर
आजपासून मी स्वीडनमधल्या हार्नोसान्दच्या चर्चची ऑर्गनवादक! सहा महिन्यांपुरतीच, पण वरच्या मजल्यावरची खोली मात्र झकास मिळाली. घरमालक सिक्स्टेन आणि त्यांची बायको गुनेल, दोघंही सत्तरीचे, बोलघेवडे. घरात नऊ स्पीकर, अगदी संडासातसुद्धा. सगळ्या खोल्यांत एकच गाणं, एकाच क्षणी; स्वयंपाकघरातून उठून कपडे धुवायच्या खोलीत गेलं तरी सूर तुटत नाही. अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नाही, असं सिक्स्टेन मिशीवर ताव देत सांगत होते. माझ्या मोबाइलवर अ‍ॅप घालून दिलं आणि म्हणाले, घर तुझंच, हवं ते लाव. गुनेलनी वेलदोड्याचे बन गरम करून दिले. नशीब काढलं मी.

१४ ऑक्टोबर
गुनेलचं एक वेडच आहे. कॉफीला बसलं की विचारतात, आज कुठलं गाणं आवडलं गं? आज तर मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, ते अकॉर्डियनचं ना, जिन्यातच थबकलीस की! त्यांना कसं दिसलं? त्या अंगणात पानं गोळा करत होत्या. पण माझ्या आवडीनिवडीची इतकी चौकशी आजवर कुणी केली नव्हती. बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर
अ‍ॅपमध्ये माणसांच्या नावाच्या याद्या सापडल्या. वेर्नर, तीन गाणी. मायब्रिट, तीन. हुल्दा, तीन. सिक्स्टेन म्हणाले, आधीचे भाडेकरू, त्यांची आठवण. त्याखाली डॅग्नी. म्हणजे मी. गाणं एकच, ते अकॉर्डियनचं. प्रेमानं केलं असेल. तरी मनात पाल चुकचुकली.

३० ऑक्टोबर
कुणाच्या अंत्यविधीला काय वाजवलं, याची फाइल चर्चच्या कपाटात असते. प्रत्येकाची तीन गाणी: लोक आत येताना, निरोप देताना, बाहेर पडताना. आज सहज चाळली. वेर्नरची तीच तीन. मायब्रिटची, हुल्दाचीही. मेल्यावर आठवण म्हणून याद्या केल्या असतील, अशी मनाची समजूत घातली. मग घरी येऊन अ‍ॅपमधल्या तारखा पाहिल्या. वेर्नरची यादी ३ मार्चला पुरी झाली. फाइलीप्रमाणे तो गेला ४ मार्चला. तिघांचंही तसंच. यादी पुरी झाली की दुसऱ्याच दिवशी —

२ नोव्हेंबर
माझ्या यादीत दोन झाली. कपड्यांच्या घड्या घालताना मी गुणगुणले म्हणे. तिसरं कळू द्यायचं नाही. काही झालं तरी नाही. आता गाणं लागलं की कानात कापसाचे बोळे घालते. कॉफीवर मुद्दाम एका भिकार जाहिरातीच्या गाण्याचं कौतुक केलं. गुनेल खळखळून हसल्या. म्हणाल्या, खोटारडी कुठली! ते लागलं तेव्हा तुझा श्वाससुद्धा हलला नाही.
माझा श्वास — त्यांना कसा —

५ नोव्हेंबर
नोकरी सोडते म्हणून कळवलं. उद्या अकराची बस. भीती वाटते, सरळ लिहिते. आत्ता सिक्स्टेन दारातून विचारून गेले, कोळंबी चालते ना गं तुला? वीस माणसांचा सँडविच केक सांगायचाय. इथल्या प्रत्येक अंत्यविधीनंतर मी तोच केक खात आलेय.

६ नोव्हेंबर, सकाळ
बॅग भरली. नऊही स्पीकर गप्प. असं कधीच —
आईचा फोन. खुशीत होती. म्हणाली, किती गोड माणसं मिळालीत गं तुला! काल गुनेल तासभर बोलल्या. तुझ्या वाढदिवसाला गंमत करायची म्हणत होत्या. लहानपणी कुठल्या गाण्यावर झोपायचीस, विचारलं. मी सांगितलं की. गाऊनही दाखवलं —

अ‍ॅप उघडलं. डॅग्नी. तीन.

खाली माणसं. काळे कोट. गुनेल म्हणतायत, या, या, आत या — अकॉर्डियन लागलं —

दार उघडत नाही. बाहेरून किल्ली —
दुसरं लागलं. ओरडतेय, कुणी वर बघत नाही —

तिसरं. आईचाच आवाज. नऊ खोल्यांतून आई गातेय. आई, नको, थांब — कान दाबले तरी — किती हळू गातेस गं — हात जड — झोप ये