वर्ख लावलेलं घर

प्रिय चिमणे,

तू रविवारी गाडी घेऊन येणार, बाबांना त्या देखभाल केंद्रात सोडणार आणि तिथल्या अनामत रकमेसाठी सोन्याची नाणी मोडणार, हे फोनवर ठरलं तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिले. तुझ्यापुढे फोनवर माझं काही चालत नाही. म्हणून लिहायला बसलेय. बाहेर दुपार अशी पेंगुळली आहे, की समोरच्या गच्चीवरची चादरसुद्धा हलत नाही.

बाबा कामाला होते तो वर्खाचा कारखाना बंद पडला, निवृत्तीचे पैसे एकरकमी हातात आले, तेव्हा ते सगळे सोन्यात घालायचं डोकं तुझंच. सोनं कुठे पळून जात नाही, म्हातारपणी काहीतरी स्थिर हवं, असं बजावून तू आम्हाला बँकेत नेलंस. बाबा वाटेभर हसत होते. जन्मभर मालकाचं सोनं कुटून वर्ख केला, आणि स्वतःचं म्हणून हातात आलं ते या वयात! घरी येऊन नाणी पलंगावर मांडली, कितीतरी वेळ पाहिली आणि म्हणाले, किती जाड आहे गं हे. तुला आठवतं, लहानपणी तू त्यांच्या टेबलाशी उभी राहायचीस? वर्खाला बोट लावायचं नाही, हळूच फुंकर घालायची, मग तो झोपेतून उठल्यासारखा पसरतो. तोवर बघणाऱ्यानं श्वास रोखायचा. तू गाल फुगवून लालबुंद व्हायचीस.

आता ऐक, आणि आरडाओरडा करू नकोस. नाणी सगळी उरलेली नाहीत. उन्हाळ्यापासून मागच्या खोलीत टकटक चालू होती. मला वाटलं, जुन्या सवयीनं रिकामी हातोडी चालवताहेत, चालवू देत बापडे. एका सकाळी बघते तर न्हाणीघराची कडी सोन्याची! मी कपाळावर हात मारून घेतला. मग पलंगाची कड, दिव्याचं बटण, पायरीची धार, त्यांच्या चहाच्या कपाचा कान. मी नाही नाही ते बोलले. म्हातारपणाची पुंजी दारं-खिडक्यांना फासताय, अक्कल गहाण टाकलीत का? मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, विसरायच्या आधी करून ठेवतोय.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधल्या बोळात ते तासन्‌तास उभे राहायचे, कुठे निघालो होतो ते आठवत नाही म्हणून. पायरीवर दोनदा पडले, ते तुला ठाऊक आहेच. आता संध्याकाळची उन्हं आत आली, की घरात तेवढ्याच जागा उजळतात, आणि बाबा एकीवरून दुसरीकडे पाण्यातून चालल्यासारखे सावकाश जातात. त्यानंतर एकदाही पडलेले नाहीत. कधी कधी मीही दिवा न लावता बसून राहते आणि ते घर बघते. फार सुंदर दिसतं गं. त्या केंद्राच्या पांढऱ्या भिंतींवर त्यांना काय सापडणार?

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. गेले काही दिवस ते मला अहो-जाहो करतात, पाहुण्या बाईशी बोलावं तसे. मी चहा दिला की आभार मानतात. पहिल्यांदा मानले तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त रडले. काल खुर्चीत माझा डोळा लागला होता. हातावर कोमट फुंकर जाणवली. डोळे किलकिले करून पाहिलं, तर बाबा समोर गुडघे टेकून बसलेले, आणि माझ्या अंगठ्याच्या नखावर वर्ख बसवताहेत. मी झोपेचं सोंग घेतलं आणि श्वास रोखून धरला. तेव्हा रविवारी ये, जेवायलाच ये, पण त्यांची बॅग भरायची नाही. उरलेली नाणी एकेक करून मोडू आणि दिवसभरासाठी घरीच कुणी मदतीला ठेवू. हे मी तुला विचारत नाहीये, सांगतेय.

तुझीच,
कालपासून तो अंगठा पाण्यात न घातलेली
आई