बाहेरच्या कागदावरचं निवेदन

आदरणीय भाऊजी,

पांढुर्ण्याहून तुमचा साळा श्रावण याचा जयभीम. गुडघा आता कसा आहे? चंद्रकलाताईनं फोनवर ‘ठीक हाये’ एवढंच म्हणून फोन ठेवला, त्यामुळं ठीक काय झालं, गुडघा की तुमचा राग, ते काही समजलं नाही. इकडं सगळे खुशाल (माझा छापखाना सोडून). माझ्या पोरीचं, प्रणालीचं लग्न बावीस दिवसांवर आलं.

भाऊजी, त्या दिवशीची गोष्ट मी रोज आठवून राहिलो. तुम्ही सौंसरकडच्या मिलमध्ये सत्तावीस वर्षं कागद बनवला. बाहेरदेशचा कागद तिकडच्या सरकारच्या सबसिडीवर इथं मातीमोल येऊन पडते, त्याच्यावर अँटी-डंपिंग ड्यूटी लागली पाहिजे, सबसिडीचा फायदा काढून घेणारी दुसरी ड्यूटीही लागली पाहिजे, नाहीतर मिल बंद, हे तुम्ही मले जेवताना, बसमध्ये अन् एकदा तर मयतीतही समजावून सांगितलं. मले पटलंही. (पटणं अन् परवडणं आमच्या धंद्यात वेगवेगळं असते, पण ते राहू द्या.) म्हणून कामगारांचं निवेदन मी फुकटात छापून देतो म्हटलं. फुकटात म्हणजे दुकानात होता त्या कागदावर. तो कोणता, हा विचारच डोक्यात आला नाही, कारण दोन वर्षांपासून माझ्याकडं दुसरा येतच नाही.

पुढचं तुम्हाले माहीत आहे, तरी लिहितो, थोडं हलकं वाटते. मिलच्या फाटकासमोर जिल्ह्याचे साहेब निवेदन घ्याले उभे, संघटनेचे नत्थूजी भाषण करून राहिले, अन् तुम्ही सवयीनं माझ्या निवेदनाचा कोपरा फाडून जिभेवर ठेवला. कागद तुम्ही तसाच ओळखता, त्यात तुमचा काय दोष. पण तुम्ही कोपरा थुंकून ‘हा तर बाहेरचा हाये’ म्हटलं तेव्हा माइक जवळच होता. साहेबांनीही मग आपली प्रत उजेडात धरून पाहिली. तुम्ही खाली मान घालून उभे राहिले, अन् मी जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या गर्दीत घुसून पळालो. कागदाची चूक एक वेळ माफ होईल. पळालो, त्याची मले लाज वाटते.

आता मिलची मशीन बंद आहे, अन् ड्यूटीची चौकशी दिल्लीत चालूच आहे. माझ्या निवेदनानं मिल बंद पडली असं कोणी म्हणत नाही, पण मले तसंच वाटून राहिलं. रुसलेल्या जवायाले घरी जाऊन मनवावं लागते, ही आपली रीत. दोनदा मी सौंसरच्या बससाठी स्टँडवर गेलो अन् चहा पिऊन परत आलो. लग्नाले यायचं की नाही ते तुमच्या मनावर, मी काही आग्रह करत नाही.

तुमचा,
श्रावण

ता. क. आग्रह करतो. प्रणाली म्हणते, फुफाजी समोर बसल्याशिवाय मी हार घालणार नाही, अन् हट्टात पोरगी तुमच्यावरच गेली आहे.

ता. क. सोबतच्या पत्रिकेचा कोपरा जिभेवर ठेवून पाहा. तुमच्याच मिलचा कागद आहे. अख्खं पांढुर्णा पालथं घातलं तेव्हा एका दुकानात जुन्या बंडलातले चार ताव सापडले. बाकी पाहुण्यांच्या पत्रिका कशावर छापल्या, ते लग्नात कोणाले विचारू नका.

ता. क. हे पत्रही चाखू नका.